उंबरठ्याच्या रूपकापलीकडे : 'सांगत्ये ऐका' ते 'भूमिका'

१

गतकाळात घडणाऱ्या चित्रपटाची प्रशंसा करताना आपल्याकडे 'काळ हुबेहूब उभा केला आहे' हे वाक्य सहज लिहिले जाते. पोशाख, दागिने, वाडे, टांगे, कंदील यांची अचूकता हा या प्रशंसेचा आधार असतो. ही अचूकता दुर्लक्षणीय नाही. परंतु ज्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी स्त्रीच्या कोंडीचा प्रश्न आहे, त्याच्या बाबतीत ती पुरेशी ठरत नाही. प्रसंगी फसवीही ठरते. केशवपन, बालविवाह, सासुरवास यांचे तपशील जितके हुबेहूब, तितका प्रेक्षक निर्धास्त होण्याची शक्यता अधिक. हे सारे 'तेव्हाचे' होते आणि आपण त्यातून केव्हाच बाहेर पडलो आहोत, अशी समजूत त्या तपशिलांतूनच पक्की होते. काळ तेथे अंतर निर्माण करण्याचे काम करतो आणि दुःख प्रेक्षणीय होते.

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मकथनावर तो आधारलेला असल्यामुळे मराठी अभ्यासकाला त्याच्याकडे केवळ चित्रपट म्हणून नव्हे, तर एका मराठी संहितेचे रूपांतर म्हणूनही पाहावे लागते. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांना पटकथेसाठी मिळाला. चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तरीही त्यातील स्त्रीच्या संघर्षाचे वर्णन बहुधा 'बंधनातून मुक्तीकडे' किंवा 'स्वत्वाचा शोध' या ठरावीक शब्दांत केले जाते. हे वर्णन अपुरे आहे, असे मला वाटते. पुरुषसत्ताक व्यवस्था स्त्रीला घरात कोंडते, हे आपल्या स्त्रीविषयक लेखनाचे एक रूढ गृहीतक आहे. 'भूमिका' हे गृहीतक उलटे करून दाखवतो. येथे स्त्रीला घराबाहेर पाठवले जाते, कमवायला लावले जाते, आणि त्या पाठवण्यातूनच तिच्यावरची मालकी पक्की होते. हे उलटणे नेमके कसे घडते आणि त्यासाठी चित्रपटाला गतकाळाची आवश्यकता का भासते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम मूळ संहितेकडे. रतन साळगावकर ऊर्फ हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांनी 'विजयाची लग्ने' (१९३६) या चित्रपटातून, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, पडद्यावर प्रवेश केला. 'संत सखू' (१९४१), 'रामजोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांच्या कारकिर्दीतील ठळक टप्पे. शेवटच्या चित्रपटाचेच नाव त्यांनी आत्मकथनासाठी घेतले. हे कथन त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी त्याचे शब्दांकन केले; 'माणूस'मधून ते क्रमशः आले आणि १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. सुझी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'च्या दुसऱ्या खंडात (१९९३) त्यातील वेचा समाविष्ट झाला, तेव्हा मराठीबाहेरच्या अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे वळले.

'सांगत्ये ऐका' या शीर्षकाचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. 'सांगत्ये' हे प्रथमपुरुषी, स्त्रीलिंगी क्रियारूप आहे. बोलणारी स्त्री आहे, हे क्रियापदाच्या प्रत्ययातच नोंदले गेले आहे. 'सांगते' या प्रमाणरूपाऐवजी आलेले हे उच्चारानुसारी रूप कथनाच्या मौखिकतेची खूण राखते. 'ऐका' हे आज्ञार्थी रूप. समोर श्रोता आहे आणि त्याने ऐकलेच पाहिजे, असा हक्क त्यात आहे. दोन शब्दांच्या या वाक्यात एक वक्ता आणि एक श्रोतृसमूह उभा राहतो. हा आवाजही निखळ नाही. तो एका पुरुष लेखकाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतो. परंतु शब्दांकनाची ही मध्यस्थी बोलण्याची लय पुसून टाकीत नाही. मद्यपानासारख्या गोष्टींविषयी हे कथन ज्या मोकळेपणाने बोलते, तो मोकळेपणा तत्कालीन मराठी स्त्री-आत्मचरित्रांच्या मर्यादाशील परंपरेत न बसणारा आहे.

'भूमिका' हे मात्र नाम आहे. त्याला वक्ता नाही, श्रोता नाही, पुरुष नाही, काळ नाही. जी दुसऱ्याने लिहावी, दुसऱ्याने नेमून द्यावी आणि हिने वठवावी, ती भूमिका. सांगणारी स्त्री पाहिली जाणारी स्त्री होते, हा आत्मकथनाकडून चित्रपटाकडे जाताना घडणारा पहिला बदल आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रपटातील दृष्टिक्षेपाची जी मीमांसा केली, तिच्या आधारे या रूपांतरावर आक्षेप घेणे सोपे आहे. पण मराठीत 'भूमिका' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आपण 'भूमिका करतो' तशीच 'भूमिका घेतो'ही. पहिल्यात आज्ञापालन आहे, दुसऱ्यात निर्णय आहे. उषा ही नायिका चित्रपटभर भूमिका करीत राहते. ती भूमिका घेते का आणि केव्हा, हा प्रश्न शीर्षकानेच आपल्यापुढे ठेवला आहे.

३

मराठी साहित्यात आणि चित्रपटांत स्त्रीच्या संघर्षासाठी उंबरठा ही प्रतिमा इतकी रुळली आहे की तिच्यामागील गृहीतक सहसा तपासले जात नाही. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) तर तिला शीर्षकस्थानीच नेतो. त्यातील सुलभा महाजनही स्मिता पाटील यांनीच साकारली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. सुलभेला घर आहे, प्रतिष्ठा आहे. तिला त्यापलीकडचे काम हवे आहे. उंबरठा ओलांडणे ही तिची कृती, आणि परतल्यावर तो पुन्हा ओलांडावा लागणे ही तिची नियती. ही मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय स्त्रीची संघर्षरेषा आहे. ती खरी आहे; परंतु एकमेव नाही.

उषा येते ती कलावंतिणींच्या परंपरेतील घरातून. आजी गाण्याची तालीम देते. आई शांता हिने लग्न करून या परंपरेबाहेर पडण्याचा प्रयत्न केला आहे, पण तिचा नवरा व्यसनी आणि निरुपयोगी आहे. या घराचा इतिहास पाहिला तर स्त्रीचे कमावणे हे येथे बंड नाही. ती रीत आहे. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. देवाला मुली वाहण्याच्या प्रथेला त्याने बंदी केली, परंतु ज्या घरांची चूल स्त्रीच्या गळ्यावर आणि पावलांवर पेटत होती त्या घरांनी पुढे कशावर जगावे, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. बोलपटाला नेमक्या याच वर्षांत गाणाऱ्या मुली हव्या होत्या. कुलीन घरांतील मुली सहजासहजी मिळत नव्हत्या. त्यामुळे परंपरेने गाणारी घरे आणि नवा यांत्रिक व्यवसाय यांची गाठ पडली. उषाचे स्टुडिओत जाणे ही या गाठीची कथा आहे, व्यक्तिगत महत्त्वाकांक्षेची नव्हे.

तिला स्टुडिओत घेऊन जातो केशव दळवी. कुटुंबाच्या अडचणीत मदत करणारा, त्या मदतीच्या बदल्यात अल्पवयीन मुलीकडून लग्नाचे वचन काढून घेणारा हा माणूस खलनायकी ढंगाचा नाही, आणि अमोल पालेकर यांच्या अभिनयातील नेमस्तपणामुळे तो अधिकच अस्वस्थ करतो. मारझोड करणारा नवरा ओळखता येतो; हिशेब ठेवणारा नवरा ओळखणे कठीण. लग्नानंतर उषाला घर हवे आहे. काम सोडून संसार करावा, ही तिची इच्छा ती स्पष्टपणे बोलून दाखवते. केशवच तिच्यासाठी करार करीत राहतो आणि नको असलेल्या कामांना तिला पाठवतो. ज्या राजनबरोबर काम करायला तो तिला पाठवतो, त्याच राजनवरून तो तिच्यावर संशय घेतो. तिची कमाई त्याला हवी आहे, परंतु त्या कमाईसाठी आवश्यक असलेले तिचे बाहेरचे जग नको आहे. संशय हा येथे मत्सरापेक्षा मालकीहक्काचा पुरावा आहे. तिच्या उदरातील अपत्याबद्दल शंका घेऊन तो तिला गर्भपात करायला लावतो, तेव्हा ही मालकी तिच्या शरीरापर्यंत पोहोचते.

म्हणजे उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना तीच सत्ता आहे. आईला मुलीच्या लग्नाला विरोध करावासा वाटतो, त्यातही मायेइतकाच कमावता हात जाण्याचा धसका आहे. आईचे घर आणि नवऱ्याचे घर यांच्यातील हा तंटा उषाच्या कल्याणाबद्दल नाही, तिच्या उत्पन्नाबद्दल आहे. 'स्त्री स्वावलंबी झाली की मुक्त होते' या सुधारणावादी सूत्राला चित्रपटाने दिलेला हा धक्का मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उषा आयुष्यभर कमावते. तिच्यावर घर चालते. आणि तरीही त्या घरात तिच्या शब्दाला वजन नाही. कारण कमावणे आणि कमाईवर अधिकार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

४

आता काळाच्या प्रश्नाकडे येऊ. 'भूमिका'त काळ दोन प्रकारे येतो. एक, छायाचित्रणातून. गोविंद निहलानी यांच्या कॅमेऱ्याने बालपणाचा भाग कृष्णधवल राखला आहे, वर्तमान रंगीत आहे आणि मधल्या टप्प्यांत फिल्मचा पोतच बदलत जातो. गतकाळ केवळ पोशाखातून न दाखवता त्या त्या काळच्या चित्रपटांच्या दृश्यगुणातून दाखवणे ही साधी क्लृप्ती नव्हे. उषाचे आयुष्य आणि भारतीय चित्रपटाचे आयुष्य एकाच पट्टीवर मोजले जात आहे, अशी ती सूचना आहे. तिच्या आठवणीसुद्धा चित्रपटाच्या माध्यमाने रंगवलेल्या आहेत. माध्यमाबाहेरची उषा आपल्याला भेटतच नाही.

दोन, चित्रपटातील चित्रपटांतून. पौराणिक, सामाजिक, तमाशाप्रधान अशा नाना प्रकारांची चित्रणे मधून मधून येतात. चित्रपट सुरू होतो तोच एका नृत्याच्या चित्रीकरणाने. ते सेटवरचे चित्रीकरण आहे हे आपल्याला नंतर उमगते. प्रथम आपण तिच्याकडे प्रेक्षक म्हणून पाहतो, मग चौकट सरकते आणि दिवे, माणसे, यंत्रे दिसू लागतात. मल्व्हींच्या मीमांसेचे एक उत्तर येथे मिळते. बेनेगल उषाला दृष्टिक्षेपाचा विषय करतात, पण तो दृष्टिक्षेप कसा बनवला जातो हेही दाखवतात. प्रेक्षकाला त्याचे सुख मिळते न मिळते तोच त्या सुखाची यंत्रणा त्याच्यापुढे उघडी पडते.

हंसाबाईंच्या खऱ्या कारकिर्दीशी ताडून पाहिले तर या चित्रपटांतील चित्रपटांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. 'संत सखू'तील सखू म्हणजे सासरचा छळ निमूट सोसणारी आणि देवाच्या कृपेने सुटणारी स्त्री. 'रामजोशी'तील बया म्हणजे तमाशातील नर्तकी. देवघर आणि फड, या दोन टोकांच्या मधे मराठी पडद्यावर स्त्रीसाठी फार थोडी जागा होती. शांता आपटे यांनी साकारलेली 'कुंकू'तील (१९३७) नीरा हा त्या काळातील लक्षणीय अपवाद. जरठ नवऱ्याशी झालेला विवाह ती मानीत नाही, आणि तिचा नकार चित्रपट आदराने पाहतो. परंतु कथेच्या शेवटी तिची सुटका होते ती नवऱ्याच्या आत्महत्येने. तिच्या नकाराला स्वबळावर पुढे कुठे जाता येईल, हे त्या काळाच्या पडद्याला दाखवता आले नाही. चाळीस वर्षांनी त्याच काळाकडे वळून पाहणारा 'भूमिका' नवऱ्याला जिवंत ठेवतो आणि नायिकेलाही. ही मागे वळून पाहण्याची नजर सत्तरच्या दशकाची आहे. स्त्रियांच्या स्थितीवरील समितीचा अहवाल १९७४ मध्ये सादर झाला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) स. गं. मालशे यांच्या संपादनाने पुन्हा वाचकांपुढे आले. विस्मृतीत गेलेल्या स्त्रीवाणीचा शोध सुरू झाला होता. 'भूमिका'तील गतकाळ या शोधाचा भाग आहे, स्मरणरंजनाचा नाही.

५

चित्रपटातील सर्वांत अर्थगर्भ भाग विनायक काळे याच्या घरातील आहे. केशव, राजन आणि मृत्यूच्या करारातही शब्द न पाळणारा दिग्दर्शक सुनील वर्मा यांच्यानंतर उषा काळेच्या वाड्यात येते. अमरीश पुरी यांनी उभा केलेला हा श्रीमंत जमीनदार तिला ते सर्व देतो जे केशवने दिले नव्हते: मान, घर, अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या पत्नीची सोबत, मुलाचे आईपण. तिचे आयुष्यभराचे स्वप्न पुरे झाल्यासारखे वाटते. मग ती मुलाला घेऊन जत्रेला जाण्याची साधी इच्छा व्यक्त करते आणि तिला कळते की या घरातून स्त्रियांना बाहेर जाता येत नाही. काळे तिच्यावर ओरडत नाही. नियम सांगतो, एवढेच. मागणी जत्रेची आहे म्हणूनच तो नकार जिव्हारी लागतो.

येथे उंबरठा खरोखरच आडवा येतो. परंतु केशवच्या घराचा अनुभव पाठीशी असल्यामुळे आपण त्याचा सोपा अर्थ लावू शकत नाही. एका घराने तिला बाहेर ढकलले, दुसऱ्याने आत कोंडले. दोन्ही घरांत तिच्या पावलांचा निर्णय तिचा नव्हता. प्रश्न आत-बाहेरचा नाही, निर्णयाचा आहे.

यापुढील घटना कायद्याच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. उषा सुटण्यासाठी केशवला पत्र लिहिते आणि तो पोलिसांसह येतो. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये झाला, हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. या कायद्यांनी पहिल्या पत्नीला संरक्षण दिले, पण काळेच्या वाड्यातील उषेसारख्या स्त्रीला कोणतेही स्थान दिले नाही. तिची सुटका होऊ शकते ती केशवची पत्नी म्हणूनच. ज्या नात्यातून ती पळाली, तेच नाते तिच्या स्वातंत्र्याचा दाखला ठरते. कायदा तिला ओळखतो, परंतु कोणाची तरी म्हणून. निघताना अंथरुणावरील पत्नी तिला सांगते त्याचा आशय असा की घर आणि शेज बदलली तरी पुरुष बदलत नाही. हे उद्गार एका सवतीचे नाहीत. जिला कायद्याने सर्व काही दिले आहे, त्या स्त्रीची ही साक्ष आहे.

६

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. चार पुरुषांच्या क्रमाने कथा रचल्यामुळे उषाचे आयुष्य हे पुरुषांच्या दालनांतून झालेला प्रवास वाटू लागते. आत्मकथनातील हंसाबाई कामाविषयी बोलतात, सहकलाकारांविषयी बोलतात. आपल्या कलेची जाण त्यांना आहे. चित्रपटातील उषेच्या वाट्याला कामाचा शीण येतो, कामाचा आनंद फारसा येत नाही. एक कसबी अभिनेत्री अशा रीतीने केवळ 'शोध घेणारी स्त्री' होते, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप मला बऱ्याच अंशी ग्राह्य वाटतो. ज्या घराची अर्थव्यवस्था चित्रपटाने इतक्या नेमकेपणाने उलगडली, त्या घरातील कलेची परंपरा आजीच्या तालमीनंतर जवळपास अदृश्य होते. मराठी कथनाचे हिंदी चित्रपटात रूपांतर होताना त्या परंपरेचा प्रादेशिक आणि जातीय तपशीलही पुसट झाला आहे.

तरीही 'भूमिका'ने उभा केलेला प्रश्न पुढील काळातील चरित्रपटांच्या संदर्भात अधिक टोकदार होतो. समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' (२०१९) घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये वारल्या. त्यांच्या शिक्षणामागे गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो हट्ट कठोर होता, हे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीपासून मराठी वाचकांना परिचित आहे. गोपाळराव आणि केशव यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. एकाला पत्नीचे ज्ञान हवे होते, दुसऱ्याला मिळकत. परंतु रचना पाहिली तर दोन्हीकडे स्त्रीला उंबरठ्याबाहेर नेणारा हात नवऱ्याचाच आहे. एका कथेत त्या हाताला आपण सुधारणा म्हणतो, दुसरीत शोषण. या दोहोंमधली रेषा कोठे आहे? फळ काय मिळाले यावरून ती आखता येणार नाही, कारण फळ नंतर दिसते. स्त्रीचा होकार कोणी आणि कसा विचारला, यावरूनच ती आखावी लागेल. सुधारणेच्या इतिहासावरील आपल्या चित्रपटांनी हा प्रश्न विचारण्याचे बहुधा टाळले आहे. 'भूमिका' वाचल्यावर तो टाळता येत नाही.

शेवटी उषा मुंबईत परत येते. भिंतींवर तिच्याच चित्रपटांची चित्रे लागली आहेत. हॉटेलच्या खोलीत ती एकटी आहे. विवाहित मुलगी तिला आपल्या घरी बोलावते. उषा जात नाही. दूरध्वनीची घंटा वाजते. पलीकडे राजन आहे. संवाद घडत नाही. हा शेवट पराभवाचा आहे असे अनेकांना वाटले. खोली भाड्याची आहे, सोबत कोणाची नाही, पुढे काय याचे उत्तर नाही. त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण आधीच्या प्रत्येक घरात तिला कोणीतरी नेले होते किंवा पाठवले होते. या खोलीत ती स्वतः राहिली आहे. मुलीचे घर आणि राजनचा आवाज ही दोन्ही निमंत्रणे प्रेमाची आहेत, म्हणूनच त्यांना दिलेला नकार अधिक कठीण. तिला काय हवे आहे हे ती सांगत नाही. आपल्यासाठी कोणी ठरवू नये, एवढेच तिच्या न जाण्यातून कळते. आयुष्यभर भूमिका केलेल्या स्त्रीने घेतलेली ही पहिली भूमिका आहे.

ती मूक आहे, हे मात्र विसरता येत नाही. चित्रपट उषाला नकारापर्यंत आणून थांबतो. बोलणे त्याने मूळ पुस्तकाकडेच ठेवले आहे. म्हणून 'भूमिका' पाहून झाल्यावर 'सांगत्ये ऐका' वाचणे आवश्यक ठरते. पडद्यावरच्या खोलीत जो आवाज उमटत नाही, तो तेथे प्रथमपुरुषी, स्त्रीलिंगी क्रियापदात आजही ऐकू येतो.